वरची बाजू

अजगराचं अंडं उचलायच्या आधी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची असते. कोंबडीच्या अंड्यासारखं ते फिरवून चालत नाही. आतला जीव एकदा कवचाला चिकटला की त्याचं वर-खाली कायमचं ठरतं. अंडं उलटं झालं तर तो आतल्या आत गुदमरतो. हे मला सातव्या वर्षी ठाऊक होतं. पोहायला मात्र मी एकविसाव्या वर्षी शिकले, कारण आम्ही समुद्रावर कधी गेलोच नाही. घर सोडलं तर अजगरांकडे कोण बघणार, असं बाबा म्हणायचे.

बाबा फेब्रुवारीत गेले. इंग्लंडातल्या बार्न्स्लीच्या त्याच घरात, मागच्या खोलीत. त्या दिवशी त्यांच्या अंगोला अजगराच्या मादीने सहा अंडी घातली होती. काळपट तपकिरी अंग, त्यावर मण्यांसारखे फुगीर खवले. ही जात आमच्या भागात दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. जोडी जमवून अकरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत तिने एकदाही अंडी दिली नव्हती. बाबांनी तीन अंडी काढली, तिन्हींवर फुली मारली, डब्यात ठेवली. चौथ्याला हात घालायच्या आधी ते कोसळले.

उरलेली तीन बॅरीकाकांनी काढली. बॅरी टन्स्टल, बाबांचे चाळीस वर्षांचे सोबती. दर गुरुवारी सर्पमित्रांच्या क्लबात दोघं बरोबर जायचे. त्याही गुरुवारी ते संध्याकाळी सहाला बाबांना न्यायला आले आणि त्यांना बाबा जमिनीवर पडलेले दिसले. "जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, पोरी," त्यांनी मला फोनवर सांगितलं. "अंग ऊन होतं अजून."

बॅरीकाका फुली मारत नाहीत, आडवी रेघ मारतात. त्यामुळे उबवणीच्या पेटीत सहा अंडी कोणाची कोणती ते नजरेला लगेच कळायचं. तीन फुल्या, तीन रेघा.

मला फुलीवाल्यांतलं एक तरी फुटायला हवं होतं. का ते मी कुणाला सांगितलं नाही. त्या गुरुवारी दुपारी बारा वाजता मी बाबांना फोन केला होता आणि त्यांनी उचलला नव्हता. बसले असतील त्या खोलीत, मुलीपेक्षा अजगर जवळचे, असं मनात म्हणून मी पुन्हा केला नाही. दुपारी त्यांना अंडी घालणारी मादी सोडून उठता आलं नसेल, एवढंच मला स्वतःशी म्हणता यायला हवं होतं. आणि त्या अंड्यांचं काहीतरी व्हायला हवं होतं.

मी यॉर्कला राहते, ग्रंथालयात काम करते. काम सुटलं की तासभर गाडी चालवत यायचं, पेटीतलं तापमान एकतीस आहे ना बघायचं, भुशाला ओल आहे ना बघायचं, बाकीच्या आठ अजगरांचं पाणी बदलायचं, घाण काढायची, परत तासभर गाडी. पहिल्या आठवड्यात रडू यायचं. पुढे नुसती झोप यायची.

मादी काही खात नव्हती. अंडी नेलेल्या रिकाम्या जागेला वेटोळं घालून बसून राहायची. बॅरीकाका म्हणाले, "अंड्यांचा वास अंगावर आहे तोवर ही जेवायची नाही. धुवायला हवी."

"कुठे धुवायची?"

"न्हाणीत. नाहीतर कुठे, नदीवर?"

कोमट पाण्याच्या टबात आम्ही तिला उतरवलं. मी डोक्याकडे, ते शेपटीकडे.

"घट्ट नको धरूस गं. हात मिळवतेयस का तिच्याशी?"

"काका, मला जमत नाहीये."

"जमतंय. तुझ्या बापाचे, डेसचेच हात आहेत तुझे." ते खवल्यांवरून हळू कपडा फिरवत होते. "तुझी आई आत्ता आली असती तर आपल्या तिघांनाही रस्त्यावर काढलं असतं."

"तिने कुठे कुणाला काढलं? तीच निघून गेली."

त्यांनी ओला कपडा माझ्याकडे दिला. मी तो पिळून परत दिला.

दुसऱ्या आठवड्यात फुलीवाली अंडी आत खचायला लागली. आधी एकाला खळगा पडला, मग तिन्ही पिवळी झाली. रेघवाली अंडी पांढरी, टणटणीत. टॉर्च लावला की आत तांबड्या शिरांचं जाळं दिसायचं. फुलीवाल्यांत टॉर्च लावला की नुसता पिवळा उजेड.

"टाकू का?" मी विचारलं.

"अजिबात नाही!" काका एवढ्या मोठ्याने म्हणाले की मी दचकले. "वास येईपर्यंत अंडं टाकायचं नाही. बुरशी आलेली अंडीसुद्धा फुटलेली पाहिलीयत मी. हात लावू नकोस त्यांना."

बुरशी आली. काकांनी ती पुसून काढली. रविवारी येऊन ते त्या तिन्हींवरच जास्त वेळ वाकून बसायचे. मला वाटायचं, मित्राची म्हणून.

सहासष्टाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, रेघवाल्या पहिल्या अंड्याला चीर पडली. तासाभरात दुसऱ्याला. चिरेतून नखाएवढं नाक बाहेर आलं आणि तिथेच थांबलं, श्वास घेत. काका आले तेव्हा तिसऱ्यालाही चीर पडली होती.

"तिन्ही!" ते म्हणाले. "बघ तर. हिऱ्यासारखी आहेत." मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. मी कात्री घेतली होती.

"लॉरेन, नको."

"वास येतोय, काका. चार दिवस झाले."

मी फुलीवालं पहिलं अंडं कापलं. आत घट्ट झालेला बलक आणि पेराएवढं काहीतरी. दुसऱ्यात तेवढंच. तिसऱ्यातही तेवढंच. अंडं घालतात त्या दिवशी जीव जेवढा असतो, तेवढा.

"एकही दिवस वाढली नाहीत," मी म्हणाले. "तुमची तिन्ही जगली, त्यांचं एकही नाही. उलटी झाली म्हणावं, तर फुल्या वरच आहेत. असं कशाने होतं?"

काका खुर्चीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गारठ्याने," ते म्हणाले.

"दहा मिनिटांत?"

"दहा मिनिटांत नाही. दोन तास गार पडली तरी अंडी धरतात तग."

मी कात्री खाली ठेवली.

"त्याने सकाळी आठला फोन केला होता मला. घालतेय म्हणाला, संध्याकाळी येशील तेव्हा दाखवतो. मी आलो तेव्हा चहा तसाच होता, वर साय धरलेली. खिडकी उघडी. डब्यातली तीन अंडी हाताला दगडासारखी गार लागली." ते टोपीच्या कडेवरून बोट फिरवत होते. "डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंसुद्धा नसेल. ते मी बनवलेलं नाही, पोरी. ते खरं आहे. बाकीचं मी बनवलं."

"मग ही ठेवायला का लावलीत?"

"यातलं एक जरी फुटलं असतं तर मला तुला कधीच सांगावं लागलं नसतं."

रस्त्यावर कुणाची तरी गाडी चालू होत नव्हती. पुन्हा पुन्हा खरखर येत होती.

"मी बाराला फोन केला होता," मी म्हणाले.

"माहीत आहे. त्याच्या फोनवर दिसत होता."

म्हणजे बाबांनी टाळलं नव्हतं मला. दोन महिने मी ज्या गोष्टीचा राग धरला होता ती घडलीच नव्हती. मला हलकं वाटायला हवं होतं. पण ते तिथे पडलेले असताना मी यॉर्कमध्ये फुरंगटून सँडविच खात होते, हे आता मला कळलं होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. राग करायलाही अंगात जोर लागतो. माझ्यात तो नव्हता. काकांवर नाही, बाबांवर नाही, स्वतःवरही नाही.

"आणि ही?" मी मादीकडे बघून विचारलं.

"ही उरलेल्या तीन अंड्यांवर वेटोळं घालून होती. ती तेवढी गरम होती, खालून. काढताना चावली मला." काकांनी नाक पुसलं. "हिच्या पिंजऱ्याचं दार सकाळपासून सताड उघडं होतं. कुठेही गेली असती. गेली नाही."

मी ग्रंथालयाला फोन करून सोमवारची रजा सांगितली. पिल्लं चिरेतून डोकं काढून एकदोन दिवस तशीच राहतात, आतला उरलेला बलक शोषून घेतात. त्यांना ओढून काढायचं नसतं. काकांनी चहा केला. मी मेलेली तीन अंडी बागेत पुरून आले, हात धुतले आणि पेटीसमोर काकांच्या शेजारी बसले.