एका दाबात दोन उड्या

मित्रांनो, मी जुना आहे हे माझ्याकडे बघून कुणीही सांगेल. मी कीबोर्ड आहे हे मात्र सांगावं लागतं, कारण दुपारनंतर मी खिडकीत असतो. वाऱ्यानं झडप आपटू नये म्हणून मला तिच्या फटीत आडवा खोचतात. स्वतःची बढाई मारू नये म्हणतात, पण मी कामावर असताना ती एकदाही आपटलेली नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आम्हा भावंडांना रांगेत झोपवून प्रत्येकाच्या अंगावर अक्षरं बसवली गेली. अक्षरं मिळाली, पण वाचता काही आलं नाही. ते खातं पडद्याकडे. खोक्यातून डोळे उघडले ते थेट एका बस ड्रायव्हरच्या घरात. त्यांच्या मुलीला प्रोग्रामर म्हणून पहिली नोकरी लागली होती, म्हणून तिच्यासाठी आख्खा कॉम्प्युटर आला होता, आणि त्यात मी. तिला घरात सगळे मुंगी म्हणत. सतत कामात, आणि गोडाचा डबा उघडला की हजर.

बाबांची एक पद्धत होती. डेपोत पाळी बदलताना उतरणारा ड्रायव्हर बसच्या बॉनेटवर थाप मारून चढणाऱ्याला तिच्या खोडी सांगतो. ब्रेक जरा लांब लागतो, दुसरा गिअर अडतो, डावा आरसा वळतो. सांगितल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही. बाबा हे घरातही पाळत. साधी छत्री देतानासुद्धा तिच्यावर थाप मारून म्हणत, "उघडते झकास, मिटताना रुसते. दांड्याला धरून समजूत घाल." पाहुण्यांना खुर्ची देतानाही ते खोड सांगत, त्यामुळे बरेच पाहुणे उभेच राहत.

एका सकाळी बाबांचा चहा माझ्यावर सांडला. मला गॅलरीत मोज्यांशेजारी वाळत घातलं. वाळलो, पण तेव्हापासून माझी खालची लांब पट्टी, जी दोन शब्दांमध्ये जागा सोडते, ती एकदा दाबली की दोनदा उमटू लागली.

मुंगीनं मला दुरुस्त केलं नाही. प्रोग्रामर मंडळी स्वतःच्या घरातली वस्तू दुरुस्त करत नाहीत, तिला वळसा घालून पुढे जातात. तिचा अंगठा पट्टी दाबायचा आणि लगेच करंगळी एक जागा खोडायची. पुढे हे तिच्याही नकळत होऊ लागलं. घरी ठीक होतं. ऑफिसात मात्र धडधाकट कीबोर्ड होता, आणि तिथेही करंगळी खोडतच राहिली. तिनं साहेबांना लिहिलं, 'सरमलाउद्यारजाहवीआहे'. साहेबांना वाटलं हा पासवर्ड आहे. त्यांनी तो जपून ठेवला. रजा काही मिळाली नाही.

मग बाबा निवृत्त झाले. दिवसभर सोफ्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. कुणी आडवं आलं की त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा.

"अहो, सोफ्याला ब्रेक नसतो," आई भाजी निवडता निवडता म्हणायची.

"म्हणूनच तो कुठे जात नाही," बाबा म्हणायचे.

हे बघून मुंगीनं त्यांच्यासाठी एक खेळ बनवला. रस्त्यानं बस धावते, खड्डा आला की लांब पट्टी दाबायची, बस उडी मारून पलीकडे. आयुष्यभर ज्या खड्ड्यांतून गाडी नेली त्यांच्यावरून उडायला मिळावं, एवढाच तिचा हेतू. खड्डे किती रुंद ठेवायचे ते तिनं माझ्यावरच ठरवलं. एका दाबात बस जेवढी उडते तेवढे. ती एका दाबात दोन उड्या मारते, एक जमिनीवरून आणि दुसरी हवेतच, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

बाबांनी खेळ बघितला. "थांबे कुठायत?"

"बाबा, खेळ आहे हा."

"असेल. पण माणसं काय दिवसभर उन्हात उभी राहणार?"

मुंगीनं थांबे घातले. मग माणसं घातली. मग हॉर्न हवा झाला, त्यासाठी एच हे अक्षर नेमलं. उडी मारण्यापूर्वी बाबा खड्ड्याला हॉर्न देत. शेवटी आई म्हणाली, "सगळं आहे, पण कंडक्टर नाही. ही बस बेकायदेशीर आहे." मग एंटरवर घंटी बसवली आणि ते बटण आईकडे आलं.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. रोज सकाळी दोघं माझ्यासमोर बसत. थांबा आला की बाबा म्हणत, "घंटी?" आणि आई ओले हात पदराला पुसून एंटर दाबे. एखाद्या दिवशी दोघांचं भांडण झालेलं असलं की ती घंटी देत नसे, आणि बस तासभर थांब्यावर उभी. पण बस खड्ड्यात कधी पडली नाही. बाबा पट्टी एकदाच दाबत, शांतपणे. "दोनदा दाबतो तो शिकाऊ," ते म्हणत. मला फार अभिमान वाटे.

पुढे मुंगीची बदली दूरच्या शहरात झाली. जायच्या आधी तिनं आईबाबांसाठी नवा कॉम्प्युटर आणला, त्यात खेळ उतरवून दिला, आणि टॅक्सी खाली थांबली होती म्हणून धावतच निघून गेली. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. मीही जाणार होतो, पण आईनं माझी लांबी खिडकीशी ताडून बघितली.

खिडकीतून मला सगळं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी हॉर्न दिला, पट्टी दाबली, आणि बस पहिल्याच खड्ड्यात गेली.

"अहो, पडली," आई म्हणाली.

"दिसतंय मला."

परत पडली. रोज पडू लागली. फोनवर मुंगी म्हणाली, "बाबा, तुम्ही उशिरा दाबत असाल. वय झालं की अंदाज चुकतो थोडा. त्यात काय एवढं."

"हो का," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

त्या दिवशी त्यांनी आपल्या स्कूटरची किल्ली कायमची खिळ्याला अडकवली. "हात गेला माझा," ते आईला म्हणाले. "ज्याची बस पडद्यावर खड्ड्यात जाते, त्यानं रस्त्यावर कशाला उतरावं?" बाजारात ते चालत जाऊ लागले. मग रस्ता ओलांडतानाही दुसरं कुणी ओलांडेपर्यंत थांबू लागले. ज्या माणसानं पुऱ्या शहराला इकडून तिकडे नेलं, तो हिरवा दिवा लागल्यावरही शेजाऱ्याची वाट बघत उभा. नंतर बाजारही बंद झाला. आईनं एंटरवर मसाल्याचा डबा ठेवायला सुरुवात केली.

मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कसं? सगळी अक्षरं अंगावर असून मला एक शब्द बोलता येईना.

मुंगी सुट्टीला आली. आईनं तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. ती तडक खेळायला बसली. बस पडली. पुन्हा बसली, बस पुन्हा पडली.

"तूही म्हातारी झालीस की काय गं?" आईनं विचारलं.

"आई, मी एक अक्षरही बदललेलं नाही. आधी चालत होतं," मुंगी म्हणाली. तिच्या जमातीत हे वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलेलं आहे. तिनं सगळा प्रोग्राम वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. काही सापडेना. शेवटी उठून खिडकीशी आली, बाहेर बघत विचार करू लागली, आणि तिचा हात सहज माझ्यावर पडला.

अंगठ्यानं पट्टी दाबली. लगेच करंगळीनं खोडलं. मला जोडलेलं काहीच नव्हतं, तरी खोडलं.

मुंगी थांबली. करंगळीकडे बघत राहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे. मग हळूच म्हणाली, "आई, ह्याची पट्टी दोनदा उमटायची."

तिनं मला उपसून काढलं. इतक्या काळात पहिल्यांदाच खिडकी आपटली, पण कुणी लक्ष दिलं नाही. माझी शेपटी गोल आणि नव्या कॉम्प्युटरचं भोक चपटं, म्हणून ती खाली दुकानात पळाली. दुकानदारानं मधली जोडणी धुळीतून शोधून दिली आणि विचारलं, "संग्रहालयासाठी का?"

"मला नको," बाबा सोफ्यावरून म्हणाले. "तूच चालव."

मुंगीनं माझ्या पाठीवर थाप मारली, बॉनेटवर मारतात तशी. "बाबा, गाडी ताब्यात घ्या. पट्टी एकदा दाबली की दोनदा लागते. खड्डे मी नकळत त्याच हिशोबानं खणले होते. दुसरी गाडी देताना हे तुम्हाला सांगायला हवं होतं. मी न सांगताच गेले, वर तुमच्या वयावर बोलले. तुमचा हात कुठेही गेलेला नाही."

बाबा उठले, खुर्ची पुढे ओढली आणि नसलेला आरसा नीट केला. आईनं मसाल्याचा डबा उचलला, हात पुसले, घंटी दिली. बाबांनी खड्ड्याला हॉर्न दिला आणि माझी पट्टी दाबली. एकदाच.

बस उडाली, उडत राहिली, आणि पलीकडे उतरून थांब्यावर टेकली.

"पॅसेंजर घाबरले असतील," बाबा म्हणाले. आई उगाचच आणखी एक घंटी देऊन गेली.

मुंगीनं नव्या कीबोर्डसाठी खेळात दुरुस्ती केली. आता सुरुवातीलाच पडदा विचारतो, आज कोणती गाडी? आणि निवडली की तिच्या खोडी सांगतो. सकाळी मी बस चालवतो, दुपारनंतर खिडकी सांभाळतो. या वयात दोन नोकऱ्या कुणाला मिळतात?

बस उडाली त्याच संध्याकाळी बाबांनी खिळ्यावरची किल्ली काढली.

"कुठे?" आईनं विचारलं.

"बाजारात. येतेस? घंटी कोण देणार मग?"

थोड्या वेळानं खालून स्कूटरचा हॉर्न ऐकू आला. मी लक्ष देऊन ऐकलं. एकदाच वाजला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना तुम्ही कायम मांडीवर घेऊन बसा असं मी म्हणणार नाही. बदला, खुशाल बदला. पण बदलताना आमची खोड पुढच्या माणसाला सांगा, नाहीतर तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो. आणि कुणाचा हात गेला असं म्हणण्याआधी, त्याच्या हातात आपण काय दिलंय ते एकदा बघा.

बरं, येतो मी. वारा सुटलाय, आणि खिडकीत कुणी नाही.