पडद्यामागचा फासा

गुरुप्रसादला माणसं आवडत नव्हती असं नाही. त्याला नियम पाळणारी माणसं आवडत, आणि मालवणात ती त्याला सापडत नव्हती.

पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करता येतं म्हणून तो गावी परतला, तेव्हा येताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, पिशवीभर नाना बाजूंचे फासे आणि घडीचा एक पुठ्ठ्याचा पडदा घेऊन आला. खेळ तसा सोपा. एकजण गोष्ट चालवतो, त्याला सूत्रधार म्हणा. बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात, कोणी योद्धा, कोणी चोर, आणि आपण आता काय करतो ते तोंडाने सांगतात. ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. भातुकली मांडणारी पोरं रोज हेच करतात आणि त्यांना पुस्तक लागत नाही. गोट्या खेळताना गोटी रेषेच्या आत की बाहेर, यावर त्यांचंही भांडण होतं. पण ते अर्ध्या मिनिटात मिटतं, कारण त्यांना पुढे खेळायचं असतं. गुरुप्रसादला पुढे खेळायची कधीच घाई नसे.

कुडाळच्या बँकेतली दोन पोरं आधी यायची. त्यांना त्याने पहिल्याच दिवशी पुस्तकातला एक अख्खा भाग वाचून यायला सांगितलं. ती बदली झाल्यासारखी नाहीशी झाली. सावंतवाडीचे मावसभाऊ फोन उचलेनासे झाले. आता उरलेले तिघे म्हणजे शेवटचा गाळ, असं तो मनातल्या मनात म्हणे. एक ओमकार, त्याचा शाळेतला सोबती, जो देवबागला पर्यटकांना होडीतून फिरवी आणि पावसाळ्यात होड्या बंद म्हणून मोकळा असे. दुसरी भक्तीताई, प्राथमिक शाळेतली शिक्षिका. तिसरी तिची भाची अपेक्षा, नववीतली. गाळ म्हणा नाहीतर काही म्हणा, हे तिघे गेले तर तालुक्यात चौथं माणूस नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं खपून त्याने वोर्गाथ नावाच्या राक्षसराजाची गोष्ट रचली होती. ती माणसांशिवाय घडणार नव्हती.

म्हणून तो त्यांना सहन करी. खेळाला बसला की तो मालवणी बोलत नसे. वोर्गाथच्या साम्राज्यात ती शोभत नाही असं त्याचं मत होतं. पात्रांना त्याने एलारिएन, थोरॅक्स अशी भारदस्त नावं सुचवली होती. त्यांनी ठेवली भैरो, आवडाबाय आणि चिंगूळ. चिंगूळ म्हणजे बारकी कोळंबी. ती अपेक्षाची चोर. हे नाव घेताना प्रत्येक वेळी गुरुप्रसाद डोळे मिटून घेई.

त्या रविवारी दुपारी गुरुप्रसादच्या पडवीत वोर्गाथशी शेवटची लढाई जुंपली. टेबलावर गुळात घोळवलेल्या मालवणी खाज्याची बशी होती. एका टोकाला पडदा उभा, आणि त्यामागे गुरुप्रसाद, त्याचं पुस्तक आणि बाकीच्यांना दिसणार नाहीत असे त्याचे फासे.

"माजो भैरो राक्षसाक गाऱ्हाणा घालता," ओमकार म्हणाला.

"काय घालतो?"

"गाऱ्हाणा. बा देवा म्हाराजा, वोर्गाथा, आज तुज्या दारात ही तीन लेकरां इली आसत..."

"होय म्हाराजा," मावशी आणि भाची देवळातल्यासारख्या एका सुरात म्हणाल्या.

"थांबा." गुरुप्रसादने पुस्तक उघडलं. "गाऱ्हाणं अशी कृती यात नाही. 'बोलणं' आहे. ते एका पाळीत, म्हणजे सहा सेकंदांत मावलं पाहिजे."

"सहा सेकंदात गाऱ्हाणा? तेवढ्यात आमच्या गावकाराचो घसो पण साफ होणा नाय."

"मग तुझी पाळी फुकट गेली."

"अरे, पण तो आयकता काय ता तरी बघ."

"तो ऐकू शकत नाही. ऐकणं ही त्याची कृती त्याच्या पाळीत येईल."

भक्तीताईने खाज्याचा तुकडा तोंडात टाकला. पहिलीच्या वर्गात नव्याने आलेल्या मुलाकडे बघावं तसं तिने गुरुप्रसादकडे बघितलं. पुढचा पाऊण तास तिची आवडाबाय जखमी भैरोपर्यंत पोचते की एक पाऊल कमी पडते, यावर गेला. ती कमी पडली. पान दाखवण्यात आलं.

अपेक्षाची पाळी आली. "चिंगूळ तेच्या पाठीर चढता आणि कानात सुरी घालता," ती म्हणाली आणि तिने वीस बाजूंचा फासा टाकला. वीस. याहून मोठा आकडा फाशावर नसतोच.

ओमकारने टेबलावर थाप मारली. "मेलो. गेलो तुजो वोर्गाथ."

"त्याला बचावाचा फासा आहे," गुरुप्रसाद म्हणाला आणि पडद्यामागे फासा खुळखुळला. "अठरा. वाचला."

आजचा हा तिसरा बचाव. मघाशी सतरा, त्याआधी एकोणीस. वोर्गाथचं नशीब मोठं बळकट होतं.

तेवढ्यात समुद्राकडून वाऱ्याची झुळूक आली, पडवीच्या कोपऱ्यातून फिरली, आणि पुठ्ठ्याचा पडदा पालथा पडला. गुरुप्रसादचा हात फाशाकडे गेला, पण अपेक्षाचे डोळे आधी पोचले.

"चार," फळ्यावरचं वाचावं तसं ती म्हणाली.

"पडदा उचल."

"गुरूदादा, तुमी अठरा म्हटलात."

"सूत्रधाराचा फासा खेळाडूंनी बघायचा नसतो. पडदा उचल, अपेक्षा."

"थांब थांब," ओमकार म्हणाला. "म्हंजे मघाचे सतरा आणि तेच्या आधीचे एकोणीस ते असलेच?"

गुरुप्रसादला राग आला तो पकडलं गेल्याचा नव्हे, यांच्या अडाणीपणाचा. "याला फसवणं म्हणत नाहीत. हा नियम आहे. सूत्रधाराला आपला फासा बदलण्याचा अधिकार आहे. पान काढून देतो." आणि खरंच, त्याने पान काढून दिलं.

भक्तीताईने चष्मा लावला आणि पान सावकाश वाचलं. "आसा खरा. खेळ सगळ्यांका गोड लागाचो म्हणान सूत्रधारान फासो बदललो तर चलात, असा लिवलेला आसा. आज कोणाक गोड लागलो, गुरू?"

"तो गोष्टीचा प्रश्न आहे. वोर्गाथ असा कानात सुरी खुपसून मरू शकत नाही. त्याच्यामागे दोन वर्षांचं काम आहे."

"आणि माका पाऊल कमी पडला तेव्हा पण दोन वर्षांचा काम होता?"

"तो नियम होता."

"आमच्या देवळात गुरव कौल लावता," ओमकार म्हणाला, "तेव्हा देवाक फुलांच्यो कळ्यो लावता त्यो सगळ्या गावासमोर. उजवी पडली तर काम करूचा, डावी पडली तर गप घराक जावचा. उद्या गुरवान पडदो लावलो आणि आतसून ओरडाक लागलो, 'उजवी पडली रे', तर गाव काय करीत?"

"गुरव बदलीत," भक्तीताई म्हणाली.

अपेक्षा हसली. गुरुप्रसादला कौलाशी केलेली तुलना फारच गावंढळ वाटली. "हा खेळ आहे. देव नाही."

"मगे तर आणखीच सोपा." ओमकारने वीस बाजूंचा फासा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "आमच्यासमोर टाक. अठरा पडले तर तुजो राक्षस जितो रवलो, आमी कायच बोलणव नाय. पडदो नको. बाप दाखव, नायतर श्राद्ध कर."

"आणि नाही टाकला तर?"

"तर आमी कित्या येवचा, ता तूच सांग," भक्तीताई म्हणाली. आवाज चढवून नाही. वर्गात एकाच पोराशी बोलताना बोलावं तसं.

फासा तळहातावर होता. गुरुप्रसादने त्याकडे पाहिलं. पुढचा रविवार त्याला स्वच्छ दिसला, तीन रिकाम्या खुर्च्यांसकट. हात उलटा करायचा, एवढंच काम होतं. पण अठरा पडले नसते, तर शाळकरी पोरीच्या कोळंबीने वोर्गाथला मारलं असतं, तेही गाऱ्हाणी घालणाऱ्या लोकांच्या हुकमावरून. त्याने फासा पिशवीत टाकला आणि नाडी ओढली.

"सूत्रधाराला हुकूम करण्याची नियमांत सोय नाही," तो म्हणाला.

तिघे उठले. भांडण झालं नाही, ते झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. भक्तीताईने बशी आत नेऊन ठेवली. ओमकारने खुर्च्या भिंतीला लावल्या. अपेक्षा पायरीवर चपला घालता घालता वळली.

"चिंगूळ जिकला, दादा. माका म्हायती आसा."

"अधिकृतरीत्या नाही."

"बरा," ती म्हणाली आणि गेली.

गुरुप्रसादने लगेच लॅपटॉप उघडला. जगभरचे सूत्रधार जिथे नियमांचे प्रश्न सोडवत बसतात, त्या संकेतस्थळावर त्याने सगळी हकीकत इंग्रजीत मांडली. दिवे लागायच्या आत उत्तरांचा ढीग पडला. त्याचं बरोबर होतं. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी पानांसकट कळवलं की त्याचं अगदी बरोबर होतं. कौलाचा भाग कोणाला समजला नाही. एकाने तो फाशांचा स्थानिक प्रकार असावा म्हणून मापं विचारली. कोणा एकाने मात्र लिहिलं, "ठीक आहे. पण पुढच्या खेळाला किती जण येणार आहेत?"

त्याला गुरुप्रसादने उत्तर दिलं नाही. त्याऐवजी त्याने नवा प्रश्न टाकला: खेळाडू लढाई अर्धवट सोडून गेले, तर त्यांची पात्रं पळाली असं धरायचं, की जागीच उभी आहेत असं? यावर मात्र विद्वानांत दोन तट पडले. गुरुप्रसाद हिरिरीने त्यात उतरला. आठवडा असा गेला की कळलंही नाही. अखेर बहुमत झालं की गैरहजर खेळाडूचं पात्र सूत्रधाराने चालवावं.

रविवारी दुपारी त्याने पडवीत टेबल मांडलं. पडदा नीट उभा केला, वाऱ्याने पडू नये म्हणून मागे पुस्तक टेकवलं आणि त्यामागे बसला. चिंगूळ अजून वोर्गाथच्या पाठीवरच होती. तिने पुन्हा सुरी घातली. त्याने बचावाचा फासा टाकला. दोन.

समोर भिंतीला लावलेल्या तीन खुर्च्या होत्या. गुरुप्रसादने त्यांच्याकडे एकवार पाहिलं, आणि फासा चटकन मुठीत घेऊन म्हणाला, "अठरा."