कस्तुराच्या खांद्याचे मला कळले नाही

मित्रांनो, मी एक जुनी बॅट आहे. एवढे एकच मला खात्रीने सांगता येते. बाकी माझ्या आयुष्यात जे घडले, त्यातले निम्मे मला अजूनही नीट उमगलेले नाही.

मी पिंपरीच्या एका कारखान्यातल्या पुरुषांच्या संघासाठी विकत आणलेली बॅट. दोन वर्षांतच माझा तळ चिरला आणि मला स्टोअरमध्ये भंगारात टाकले. तिथे जयसिंग नावाचे कामगार होते. त्यांची सोळा वर्षांची मुलगी कस्तुरा कॉलनीतल्या पोरांना चेंडू टाकून बाद करायची, पण तिच्याकडे स्वतःची बॅट नव्हती. जयसिंगांनी साहेबांना विचारून मला घरी नेले. ते १९७३ साल होते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातले सुतार ज्योतीराम करवत घेऊन आले. माझा चिरलेला तळ त्यांनी दोन इंच कापून टाकला. आता आपले कपडे धुण्याचे धोपाटणे होणार, अशी माझी समजूत झाली.

"जयसिंगभाऊ, मूठ पण तासावी लागंल," ज्योतीराम म्हणाले. "पोरीचा हात केवढा हाय, आधी बघू द्या."

कस्तुराने हात पुढे केला. त्या हाताच्या मापाची मी झाले. धोपाटणे झाले नाही, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका कुसुमताई तिला पुण्याला मुलींच्या संघात घेऊन गेल्या. "ही बॉलिंगही करते आणि बॅटिंगही. अष्टपैलू आहे," असे त्यांनी तिथे सांगितले. मी माझ्या कडा मोजून पाहिल्या. आठ काही भरेनात. मग कळले की तो शब्द माझ्यासाठी नव्हता.

तीन वर्षांनी कस्तुरा देशाच्या संघात गेली. आम्ही आगगाडीने गेलो, विमानाने गेलो. समुद्रापलीकडच्या एका मैदानावर इतका वारा होता की मुलींना एका हाताने स्कर्ट सांभाळावा लागत होता. त्या सामन्यात तिने माझ्याकडून एक्केचाळीस धावा काढल्या आणि नंतर चार बळी घेतले. सामना आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फक्त बळींबद्दल लिहिले होते. मला वाईट वाटले. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, त्या दिवसापासून मला वाटू लागले की हिने तो चेंडू सोडून द्यावा आणि फक्त मला हातात घ्यावे.

पुढच्या तीन वर्षांत आम्ही खूप खेळलो. मग एका सकाळी पिंपरीच्या घरात कस्तुरा फळीवरून पिठाचा डबा काढत होती. तिची आई प्रभावती चुलीपाशी होती.

"डावा हात का लावलास गं?"

"उजवा जरा अवघडलाय, आई."

"कधीपासून?"

कस्तुराने डबा खाली ठेवला. "दोन महिने झाले."

"कुसुमताईंना सांगितलंस?"

"सांगितलं तर संघातून काढतील."

"आणि न सांगता हात कायमचा गेला म्हणजे?"

कस्तुराने पीठ परातीत काढले. मी कोपऱ्यात उभी होते. तिचा हात माझ्यावर तर कधी अवघडला नव्हता. मग दुखत काय होते, तेच मला कळेना.

पंधरा दिवसांनी संघनिवडीचे शिबिर लागले. पहिल्या दिवशी कस्तुराने त्र्याहत्तर धावा केल्या. इतकी सुंदर ती कधीच खेळली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात चेंडू दिला. पहिला चेंडू तिने टाकला. दुसरा टाकला. तिसऱ्यानंतर ती खांदा धरून उभी राहिली. मग चालत निवड समितीच्या सुभद्राबाईंकडे गेली.

"बाई, माझा खांदा दुखतो. अडीच महिने झाले. पुढे कळलं असतंच, म्हणून आत्ताच सांगते. मला फक्त बॅटिंगसाठी घ्या."

सुभद्राबाईंनी हातातली यादी पाहिली. "खरं सांगितलंस, बरं केलंस. पण फक्त बॅटिंगच्या जागा भरल्यात, कस्तुरा. तुझी जागा दोन्हीची होती."

आदल्या दिवशीच्या त्र्याहत्तर धावा कुठे गेल्या? मला काहीच समजेना. चेंडू सुटला होता, म्हणजे मला हवे तेच झाले होते. आणि परतीच्या बसमध्ये कस्तुरा मला मांडीवर आडवी धरून रडत होती. हे माझ्या इच्छेमुळे झाले का? बॅटच्या इच्छेने असे काही होत नसावे. पण मला अजून खात्री नाही.

पुढे तिला भोसरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी लागली. मी दीड वर्ष कपाटामागे होते. माझ्यावर जळमटे धरली, मुठीचे रबर चिकट झाले.

मग १९८२ मध्ये कुसुमताई घरी आल्या. मोशीच्या माळावर त्यांनी मुलींचा नवा संघ जमवला होता. "शिकवायला ये. हात दुखला तर तोंडाने शिकव," त्या म्हणाल्या. रविवारी कस्तुराने मला बाहेर काढले.

माळावर बारा मुली रांगेत उभ्या होत्या. आता चेंडू पडेल, म्हणून मी तयार झाले. पण कस्तुराने विचारले, "कुणाचं काही दुखतंय का?"

कुणी बोलेना. कस्तुरा गप्प उभी राहिली. कुसुमताईंनी घड्याळाकडे पाहिले, तरी ती थांबून राहिली. शेवटी टोकाच्या मुलीने हात वर केला.

"ताई, माझी टाच दुखते. दिवाळीपासून."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला घेणार नाही म्हणून."

कस्तुरा तिच्याजवळ मातीत बसली. "तुझं नाव लिहिलंय मी. ते खोडणार नाही. बूट काढ, बघू दे."

तो सगळा रविवार मी बांधाला टेकून होते. एकही धाव निघाली नाही, तरी कस्तुरा घरी जाताना आनंदात होती. का, ते मला पुरते कळले नाही. तुम्हाला कळले असेल.

मित्रांनो, आपल्या बॅटला जवसाचे तेल लावत जा, तिला ओलीत टाकू नका. पण त्याआधी ती धरणाऱ्याला विचारा, दुखतंय का? आणि विचारून झाल्यावर थोडे थांबा. उत्तर यायला वेळ लागतो.