नेटीच्या घराच्या फळ्या

व्हर्जिल कोम्ब्स कोर्टात गेलाच नाही, तिथूनच सगळं बिनसलं. खाण बंद पडली त्या वर्षी त्यानं आणि त्याच्या बायकोनं, ओपलनं, पीठ, मटण, गाडीचे टायर, सगळं क्रेडिट कार्डावर आणलं होतं. पुढे काम मिळालं, पण ते ओझं काही उतरेना. बँकेनं आपलं येणं कुठल्याशा कंपनीला विकलं, कंपनीनं वकील लावला आणि दावा उभा राहिला.

"खाल्लंय ते खाल्लंय," व्हर्जिल बायकोला म्हणाला. "तिथं जाऊन कुठल्या तोंडानं बोलू?"

एकतर्फी हुकूमनामा झाला. हुकूमनामा म्हणजे काय असतं, ते मग सावकाश कळत गेलं. आधी पगाराचा चौथा हिस्सा परस्पर कापला जाऊ लागला. मग बँकेतलं खातं गोठवलं, ओपलनं किराणावाल्याला दिलेला चेक परत आला आणि त्यानं तो गल्ल्यामागच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा चिकटवला. व्हर्जिलनं तेही गिळलं. कोळशाच्या ट्रकांच्या गॅरेजात वेल्डिंग करणारा माणूस तो, अंगावर ठिणग्या घ्यायची सवयच होती.

गिळता आलं नाही ते निराळंच. कंपनीचा वकील रॉजर स्टँपर हा केंटकीतल्या, व्हर्जिलच्याच दरीतला, शाळेत व्हर्जिलबरोबर बेसबॉल खेळलेला, व्हर्जिलच्या आईच्या हातचं जेवून वाढलेला. मालमत्तेच्या चौकशीसाठी त्यानं व्हर्जिलला कोर्टात शपथेवर बसवलं. मागच्या बाकांवर आपापल्या तारखांसाठी आलेली गावची माणसं होती.

"बंदुका?"

"एक. बापाची आहे."

"लग्नाची अंगठी सोन्याची का?"

व्हर्जिलनं हात टेबलाखाली घेतला. "हो."

"कुत्री?"

"दोन. शिकारीची."

स्टँपरनं कागदावरून मानही वर केली नाही. "लोकांचे पैसे बुडवून दोन-दोन कुत्री पोसणं परवडतं म्हणायचं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. व्हर्जिलच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तोवर ते देणं होतं. त्या घटकेपासून ते वैर झालं.

त्यानं गॅरेज सोडलं. मालक होबार्ट म्हातारा, भला माणूस. "अरे खुळ्या, पाऊण पगार तर तुझ्याच घरी जातोय ना?"

"पाव जातोय तो रॉजरकडे. माझ्या घामाचा एक थेंब त्याला मिळू द्यायचा नाही मला."

तेव्हापासून व्हर्जिल लोकांच्या गोठ्यांत, परसात वेल्डिंग करू लागला, रोखीनं. बँकेत खातं नाही, नावावर काही नाही. जप्तीचा माणूस यायचा आणि हात हलवत परत जायचा. त्या दिवशी व्हर्जिल जेवताना शीळ घालायचा. ओपल शाळेच्या स्वयंपाकघरात राबून घर ओढत होती. राजम्याची वाटी त्याच्यापुढे आपटत ती एकदा म्हणाली, "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं ऐकली होती. माझ्याच नशिबात एक येईल असं वाटलं नव्हतं."

"त्यालाही टोचतंय."

"त्याला? तो नवी गाडी घेऊन फिरतोय, व्हर्जिल."

हे मात्र खरं होतं, आणि तेच व्हर्जिलला झोपू देत नव्हतं.

अशात त्याची आई नेटी वारली. डोंगराच्या कुशीतलं तिचं घर व्हर्जिलच्या नावावर झालं आणि त्याच दिवशी त्या हुकूमनाम्याचा बोजा घरावर चढला. घर होतं चेस्टनटच्या लाकडाचं. ती झाडं रोगानं केव्हाच नामशेष झालेली, त्यामुळे असल्या जुन्या फळ्यांना शहरातले लोक सोन्याचा भाव देत. स्टँपरनं फोन केला. आवाज अगदी मऊ.

"व्हर्जिल, गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. घर विक, आमचं देणं भागव, वर तुझ्या हातात बरंच उरेल. झालं गेलं मिटवून टाकू."

"गिऱ्हाईक कोण?"

स्टँपर म्हणाला, "मीच. लहानपणापासून जीव आहे माझा त्या घरावर."

व्हर्जिलनं फोन ठेवला. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर खरं हसू आलं, आणि ते बघून ओपलनं हातातलं काम टाकलं.

"देऊन टाक," ती म्हणाली. "तुझ्या पाया पडते. सुटू आपण."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहार घेऊन आईच्या घरावर चढला. आधी छप्पर, मग माळा, मग भिंती. एकेक खिळा उपसायचा, एकेक फळी उतरवायची आणि येईल त्याला द्यायची, फुकट. चर्चला बाकांसाठी दिल्या, होबार्टला कोंबड्यांच्या खुराड्यासाठी दिल्या. चेक भिंतीवर चिकटवणारा किराणावाला लाजत-लाजत आला, तर त्यालाही गाडीभर दिल्या. लोक आधी बिचकले, मग रांगा लावू लागले. त्या उन्हाळ्यात ओपल लेक्सिंग्टनला बहिणीकडे निघून गेली. व्हर्जिल थांबला नाही.

स्टँपर आला तेव्हा धुरांड्याचे दगड आणि पायाचा चौथरा तेवढा उरला होता. तो गाडीतून उतरला, पण चार पावलं येऊन तिथंच थांबला.

"बोजा असलेली मिळकत मोडलीस तू. मी कोर्टात जाईन."

"जा की. आणखी एक हुकूमनामा आण. पहिल्याशेजारी टांगून ठेवतो."

जिथं स्वयंपाकघर होतं तिकडे स्टँपर बघत राहिला. बघता बघता त्याची हनुवटी थरथरली, अगदी पोरासारखी.

"इथं बसून मी धडे गिरवलेत," तो म्हणाला. "तुझ्या आईनं माझ्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली होती."

"ती खुर्ची विहिरीत टाकली," व्हर्जिल म्हणाला. तसं काही त्यानं केलं नव्हतं. खुर्ची केव्हाच मोडून चुलीत गेली होती. पण स्टँपरचा चेहरा पांढरा पडलेला बघून त्याला जे सुख झालं, तसं सुख त्याला लग्नाच्या दिवशीही झालं नसेल. गाडी वळून डोंगर उतरेपर्यंत तो ते चवीचवीनं चाखत उभा राहिला.

पानगळीत ओपल आली, आपले उरलेले कपडे न्यायला. जाता जाता तिनं गाडी त्या चौथऱ्यापाशी थांबवली. तिथं बसलेल्या व्हर्जिलनं तिला सगळं सांगितलं: रॉजर कसा उभा होता, हनुवटी कशी थरथरली. तिनं ते ऐकून घेतलं.

"छान झालं," ती म्हणाली. "अख्ख्या गावाला फळ्या वाटल्यास. आपल्या घराची मागची पडवी दोन वर्षं गळतेय. आपल्यासाठी किती ठेवल्यास?"

असा विचार व्हर्जिलच्या मनाला शिवलाच नव्हता. तो चौथऱ्याकडे वळला. गवतात एखादी तरी फळी राहिली असेल म्हणून बघू लागला.

ओपलनं गाडी सुरू केली.