कब्रस्तानाची पक्की भिंत

अकरमला सोनाळा गावात मान होता, पण तो त्याला कधी पुरला नाही. कब्रस्तान कमिटीचा अध्यक्ष म्हणजे मयताच्या दिवशी पुढे उभं राहणारा माणूस. एरवी त्याला कोण विचारतंय? मग सोनाळ्याच्या वरच्या अंगाला डोंगर फोडून गिट्टी काढायची खदान सुरू झाली, आणि टिप्पर खाली उतरायला थेट गावाजवळून रस्ता निघाला.

रस्ता उताराचा होता. पावसाळ्यात डोंगराचं सगळं पाणी त्याच्यावरून धावायचं, मुरूम खरवडून न्यायचं, आणि भरलेले टिप्पर रुतून बसायचे. मॅनेजर कुलदीपनं कडेनं नाली खोदून पाणी डावीकडे सोडलं. तिकडे उकंडरावची कपाशी होती. उकंडराव काठी घेऊन टिप्परसमोर आडवा झाला, दिवसभर हलला नाही. राहिली उजवी बाजू, आणि तिथे कब्रस्तान होतं.

"अकरमभाई, पाणी तुमच्या बाजूनं काढू द्या," कुलदीप घरी येऊन म्हणाला. "मधात मोठे खड्डे करतो. गाळ त्याच्यात बसन, निरं पाणी कडेकडेनं नाल्यात जाईन."

"मंग आमाले काय भेटन?"

"काय पायजे, बोला."

"भिंत. चारी बाजूनं. अन् रस्त्याकडून मोठं गेट."

अकरमच्या बाजूनं एक सांगायलाच हवं. त्यानं यात एक पैसा खाल्ला नाही. रानडुकरं रात्रीतून कबरी उकरत होती, आणि भिंतीसाठी अर्ज करून करून लोक थकले होते. त्याला फक्त गेटावर नाव हवं होतं, तेवढं त्यानं लावून घेतलं.

भिंत खालच्या अंगाला आली तेव्हा गवंड्यानं विचारलं, "भाई, पायथ्याशी मोऱ्या ठेऊ का? पाणी शिरलंच त निंघून जाईन."

"अन् डुकराले दावत देऊ काय बे? पक्की बांध."

गवंड्यानं पक्की बांधली. लोकांनी अकरमला हार घातला. त्याचा बाप, रहेमतुल्ला, भिंतीला हात लावून म्हणाला, "चांगली हाय. पण वारा बंद झाला इथला." अकरमनं हसून सोडून दिलं. म्हाताऱ्याचे डोळे अधू होते, तरी दर शुक्रवारी नमाज झाली की तो नूरजहांच्या, म्हणजे अकरमच्या आईच्या कबरीवर जायचा आणि तिथल्या सब्जाला पाणी घालायचा. कडुनिंब ओलांडला की हाताच्या अंदाजानं तो बरोबर तिच्यापाशी पोचायचा. अकरम तोवर गेटावर लोकांचे सलाम घेत उभा असायचा.

पहिल्या साली कुलदीपनं खड्डे साफ केले. दुसऱ्या साली खदानीला मोठं काम लागलं, जेसीबी तिकडे गेला, आणि खड्डे राखाडी गाळानं काठोकाठ भरले. अकरमच्या ते डोळ्यांसमोर होतं. बोलायला हवं होतं. पण ज्यानं भिंत दिली त्याच्याच दारात गाऱ्हाणं घेऊन जायला त्याची जीभ रेटेना.

श्रावणात पावसानं जी झड लावली ती थांबायचं नाव घेईना. खड्डे ओसंडले, नाली फुटली, आणि मुरूम, दगडाचा भुसा, सगळा चिखल त्या मोठ्या गेटातून आत शिरला. आत शिरला तो शिरलाच. बाहेर जायला वाट कुठे होती? लोक धावत आले तेव्हा कब्रस्तानाचा हौद झाला होता. अकरमनं स्वतः सब्बल मारून खालची भिंत फोडली. पाणी गेलं, चिखल राहिला. ना उंचवटा दिसत होता, ना उशाचा दगड. सारवलेल्या अंगणासारखं सगळं सपाट.

कुलदीप येऊन पाहून गेला. "भिंत तुमीच मांगतली होती न भाई?" एवढंच म्हणाला.

शुक्रवारी रहेमतुल्ला आला. कडुनिंबापाशी थांबला, हात पुढे करून चाचपू लागला, पण हाताला काही लागेना.

"अकरम, तुही माय कुठीसा हाय रे?"

अकरमला ठाऊक नव्हतं. पोटच्या पोराला ठाऊक नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण 'मले नाई मालूम' हे तीन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. त्यानं बापाचा हात धरला, चार पावलं चालवलं आणि म्हणाला, "हे पहा अब्बा. इथं."

म्हातारा खाली बसला. चिखलावर तळवा ठेवला, फातिहा पढला, आणि नेहमीसारखा तिला घरातलं सांगू लागला.

गेटावर माणसं उभी होती. आत यायचा त्यांना धीर होत नव्हता. अध्यक्षाला जागा माहीत आहेत हे पाहून ती एकेक करत पुढे आली.

"भाई, आमचा बाप कुठी असन?"

नाही म्हणावं, तर मग आईची जागा कशी सापडली? रहेमतुल्लाची पाठ होती, पण कान शाबूत होते. अकरमनं बोट दाखवलं. माणूस तिथे जाऊन बसला. दुसऱ्याला दाखवलं, तिसऱ्याला दाखवलं. सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला.

शेवटी एक जण राहिला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "माहं लहानं पोरगं होतं, भाई. दोन महिन्याचं."

अकरमनं बराच वेळ इकडेतिकडे पाहिलं. मग भिंतीच्या कडेची, त्यातल्या त्यात कोरडी जागा त्यानं त्या पोराला दिली.