उंबऱ्यावरचा श्वास

घंटाकाकांनी बाबांना काखेत हात घालून आमच्या दारात आणून उभं केलं, तेव्हा आई कपडे वाळत घालत होती. बाबांचे पाय लटपटत होते, डोळे लालभडक झाले होते, आणि अंगाला वास तर असा की शेजारच्या खिडक्या पटापट उघडल्या.

घंटाकाका म्हणजे आमच्या चर्चची घंटा वाजवणारे गृहस्थ. घंटेपेक्षा त्यांचाच आवाज मोठा. पॉलिशवाला पुन्हा घसरला, हे त्यांनी वाटेत भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं.

बाबा लाकडी सामानाला पॉलिश करायचे. पॉलिशमध्ये स्पिरिट असतं, त्यामुळे हातांना, कपड्यांना, अगदी उशीलाही तोच वास. एके काळी ते पीतही भरपूर. मग एका प्रार्थनेत ते गुडघ्यांवर कोसळले, ढसाढसा रडले आणि उठले ते दारू सोडूनच. प्रभूनं मला सोडवलं, एवढंच सांगायचे. दरवर्षी भर मंडळीत उभे राहून साक्ष द्यायचे आणि आई पहिल्या बाकावरून खणखणीत ‘आमेन’ म्हणायची.

आणि हीच बाई रोज संध्याकाळी त्यांचा श्वास हुंगायची! अंगाच्या वासावरून काही कळायची सोय नव्हती. म्हणून बाबा उंबऱ्यावर थांबून तोंड उघडायचे, आई चवड्यांवर उभी राहून नाक जवळ न्यायची, मग मान हलवायची. बाबा कधीकधी मुद्दाम कच्चा कांदा खाऊन यायचे आणि आई झाडू उगारायची. आम्ही पोरं पोट धरून हसायचो. पण एकदा ती मला म्हणाली होती, प्रभूवर विश्वास आहे गं, तरी यांची पावलं वाजली की अजून पोटात गोळा येतो.

त्या दिवशी बाबा चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या टेबलाला पॉलिश करत होते. रविवारी त्याच टेबलाजवळ उभं राहून साक्ष द्यायची, म्हणून स्वारी खुशीत होती. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून या शहाण्यानं दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या आणि स्पिरिटचा भपकारा थेट डोक्यात गेला. हेच ते दारात सांगायला बघत होते, पण जड जिभेतून ‘खिडक्या… बंद…’ एवढंच फुटत होतं. घंटाकाका ‘हो, हो’ म्हणत होते, समजूत घातल्यासारखं.

सवयीनं बाबा उंबऱ्यावर थांबले, त्यांनी तोंड उघडलं. आईनं नाक पुढे केलं आणि ती हुंगायच्या आधीच थबकली. आज श्वासातही स्पिरिटच भरलेलं असणार. नाक काय निवाडा करणार, कपाळ!

“वहिनी, बघा ना हुंगून,” घंटाकाका म्हणाले. “यांना रविवारी उभं करायचं की नाही, ते ठरवायला हवं.”

आई बाबांकडे बघत राहिली. तिनं मान फिरवली असती, तर बाबा पुन्हा कधीच मंडळीत ताठ उभे राहिले नसते.

“प्यायलात?”

“नाही गं.”

“मग मिटा ते तोंड. आत या.”

घंटाकाकांना तिनं दारातूनच सांगितलं, हे नाही म्हणतात म्हणजे नाही. साक्षीचं तुम्ही आणि चर्चचे पाळक बघा. आणि आधी जाऊन त्या खिडक्या उघडा, नाहीतर उद्या तुम्हालाही कुणीतरी असंच धरून घरी पोचवेल.

आत बाबा भिंतीला टेकून बसले. “न हुंगताच?” त्यांनी विचारलं.

आईनं त्यांच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवलं. “तुम्हाला सोडवून प्रभूला एवढी वर्षं झाली. माझ्याकडे बघायला त्याला आज सवड मिळाली.”

बाबा हसायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. आईचं तर दोन्ही एकदमच चाललं होतं. मग तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आम्हाला गप्प बसायची खूण केली आणि ते झोपल्यावरही पायाला मुंग्या येईपर्यंत तशीच बसून राहिली.