तिसरा पुकारा

चंदू उतेकर महाडच्या कोर्टात शिपाई म्हणून लागला, तेव्हा त्याच्या बापाने तळीच्या वाडीत पेढे वाटले नाहीत, नुसती बातमी वाटली. ती पेढ्यांपेक्षा जास्त दिवस पुरली. एस.टी.त शेजारी कोण बसलंय हेसुद्धा न बघता सयाजी सुरू करायचा, "आमचा चंदू कोर्टात हाय." ऐकणारा आधी हळहळायचा. पोरावर खटला नाही, पोराच्या छातीवर पट्टा आहे, हे समजावण्यात सयाजीचा पोलादपूरपर्यंतचा वेळ मजेत जायचा.

सयाजीला कोर्टाचं एवढं अप्रूप असायला कारण होतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. सयाजी ती पायरी बावीस वर्षं झिजवत होता. दावा दीड हात रुंदीच्या बांधाचा आणि त्या बांधावरच्या एका फणसाचा. समोरचा पक्ष म्हणजे त्याचाच चुलतभाऊ कुशाबा. दाव्याच्या दुसऱ्याच वर्षी, झाडाला पहिलं फळ धरायच्या आधीच, कोर्टाने मनाई हुकूम दिला, की निकाल लागेपर्यंत फणसाला कोणी हात लावायचा नाही. तेव्हापासून दर वैशाखात फणस पिकायचे, वानरं मेजवानी झोडायची, उरलेले पडून सडायचे, सगळी वाडी घमघमायची, आणि हे दोघे आपापल्या ओटीवर बसून कायद्याचं पालन झालेलं बघायचे. सयाजी म्हणे फणस कापा, कडक गऱ्यांचा आहे; कुशाबा म्हणे बरका, मऊ रसाळ. चाखून बघायची सोय नव्हती. चंदू चोवीस वर्षांचा झाला, पण घरच्या फणसाची चव त्याला ठाऊक नव्हती.

तारखेच्या दिवशी मात्र दोघांचं बघण्यासारखं असे. जो आधी गाडीत चढेल तो दुसऱ्यासाठी रुमाल टाकून जागा धरी. महाडला उतरल्यावर कोर्टाच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर एक चहा दोघांत. मग आत जाऊन वकिलांकरवी एकमेकांना लबाड म्हणायचं आणि संध्याकाळच्या गाडीने बरोबर परत यायचं.

चंदूचं काम पुकाऱ्याचं. दावा निघाला की व्हरांड्यात येऊन पक्षकारांची नावं तीन वेळा पुकारायची. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी आलं नाही तर पुढे साहेबांची मर्जी. चंदूचा आवाज असा, की तो व्हरांड्यात उभा राहायचा आणि टपरीवरच्या माणसाची बशी हिंदकळायची. त्यामुळे पक्षकार आत बाकावर ताटकळत नसत. ते खुशाल चहा पीत बसत, नाव ऐकू आलं की उठत. त्याच्या कारकिर्दीत पुकारा ऐकू आला नाही म्हणून एकाचंही नुकसान झालं नाही.

एवढं असून चंदू तिथे सुखी नव्हता. रोज तीन तीन वेळा नावं, तीही एकाच चालीत! पुढे काही नाही, मागे काही नाही. लहानपणी माळ्यावर बसून शेत राखताना हा पोरगा वानरं हाकलायचा सोडून कोणतं वानर कुठून घुसलं आणि कणसापर्यंत कसं पोचलं याचं मोठ्याने वर्णन करायचा. वानरंही थांबून ऐकायची म्हणे. असल्या माणसाला "अमुकतमुक हाजिर हो" एवढ्यावर भागवायला सांगणं म्हणजे सुगरणीला रोज नुसतं पाणी उकळायला लावण्यासारखं होतं.

त्याचं नशीब फुटलं म्हणा की उघडलं म्हणा, ते पोलादपूरच्या टेनिस बॉलच्या मॅचेसमध्ये. कोणाची तरी चप्पल हरवली होती, ती पुकारायला म्हणून चंदूने माइक हातात घेतला तो संध्याकाळी बक्षीस समारंभ झाल्यावर परत दिला. कापणी झालेल्या भातशेतात मॅच, चारी बाजूंना माणसं, आणि भोंग्यातून चंदू: "फलंदाजाने बॅट फिरवली आहे, चेंडू उंच, आणखी उंच, आणि पडला थेट जानकीबाईंच्या मिरचीच्या वाळवणात! सहा धावा आणि पाव किलो मिरची!" जानकीबाई भांडायला म्हणून आल्या होत्या. भोंग्यातून स्वतःचं नाव ऐकल्यावर पदर सावरून पुढच्या रांगेत बसल्या.

भोंगे होते महाडच्या महमूदभाईंचे. त्यांच्या भावाने, उबेदने, कुवेतहून पाठवलेल्या ॲम्प्लिफायरवर त्यांचा साउंडचा धंदा उभा होता. त्यांनी त्या दिवशी चंदूचा हातच धरला. "चंदू, माझी मशीन कुवेतची, पण तिच्यात जान आज आली. जानेवारी ते मे मॅचेस, मग लग्नं, उरूस, गणपती. काम भरपूर आहे. तो पट्टा काढ आणि माझ्याबरोबर चल."

"पुढल्या महिन्यात कायमचा हुकूम येणार हाय, महमूदभाई," चंदू म्हणाला. "बाबा जीव ठेवून बसलेत त्याच्यावर."

तेव्हापासून सहा दिवस कोर्ट आणि रविवारी माइक असं सुरू झालं. आणि घात केला तो एका सोमवाराने.

आदल्या दिवशी बारा मॅचेस बोलून चंदू कामावर आला होता. अंग कोर्टात होतं, जीभ अजून मैदानात. बोर्डावर पहिलाच दावा सयाजीचा. चंदू व्हरांड्यात आला आणि त्याने रीतसर पुकारलं, "सयाजी धोंडू उतेकर, कुशाबा राघू उतेकर, हाजिर होऽ!" तेवढ्यात त्याला टपरीवरून दोघे येताना दिसले. ऊन कडक, छत्री एकच. आणि चंदूची जीभ सटकली.

"आणि मंडळी, सलामीची जोडी मैदानाकडे निघालेली आहे! डावीकडे वादी सयाजी, उजवीकडे प्रतिवादी कुशाबा. छत्री प्रतिवादीची, पण सावली मात्र वादीने जास्त घेतलेली दिसतेय! यावरही पुढेमागे दावा होऊ शकतो! बावीस वर्षांची भागीदारी, मंडळी! तीन वकील म्हातारे झाले, सहा साहेब बदलून गेले, धावफलकावर अजून शून्य! आणि तिकडे बांधावर फणस... फणस नाबाद!"

आवारात एकच हशा उसळला. काळे कोट खिडक्यांशी आले. टायपिस्टांची टकटक थांबली. कुशाबाला हसता हसता ठसका लागला आणि तो पायरीवरच बसला. सयाजी तेवढा हसला नाही. त्याने छत्रीच्या बाहेर पाऊल टाकलं आणि भर उन्हात एकटा चालत आत गेला. बापाचं तोंड बघून चंदू भानावर आला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. साहेब शांत होते, म्हणूनच चंदूला जास्त भीती वाटली.

"उतेकर, तुमच्या वर्णनामुळे एक साक्षीदार काय सांगायला आला होता तेच विसरला. तुमच्या कायम नेमणुकीचा हुकूम माझ्या टेबलावर आहे. लेखी माफी द्या, आणि पुन्हा कुठेही माइक धरणार नाही असं लिहून द्या. सरकारी नोकराला दोन धंदे करता येत नाहीत. नोकरी की माइक, उद्या अकराला सांगा."

चंदू मान खाली घालून दारापर्यंत गेला, तेव्हा मागून आवाज आला. "तो फणस बरका आहे की कापा?"

"ठाऊक नाय, साहेब."

"बावीस वर्षांच्या कागदांत तेवढं एक कुठेही आलेलं नाही," साहेब म्हणाले आणि पुढचा कागद वाचू लागले.

परतीच्या गाडीत सयाजी खिडकीशी बसला आणि उमरठचा फाटा येईपर्यंत बाहेरच बघत राहिला. कुशाबा मधूनमधून चंदूला कोपर मारून म्हणत होता, "ती छत्रीची गोष्ट परत सांग रे!" घरी आल्यावर सयाजी एवढंच बोलला, "सकाळी माफी लिहून दे. चार लोकांत मला काय तोंड हाय ते तुज्या पट्ट्यानं हाय."

चंदूने राहीला विचारलं. लग्नाला दोनच वर्षं झालेली बायको, तीही सरकारी नोकरी बघून दिलेली. ती आता कपाळावर हात मारून घेणार अशी त्याची खात्री होती. राही तांदूळ निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "तुमी कोर्टातनं येता तेवा भाकरी वाढली काय नि धोंडा वाढला काय, तुमाला कळत नाय. मॅचवरनं येता तेवा घसा बसलेला असतो, तरी चुलीपाशी येऊन माज्याशी बोलता. मला तो बसलेला घसा बरा वाटतो."

"आणि बाबा?"

"मामंजींचं मला ठाऊक नाय. पण तुमी रोज दुसऱ्यांची नावं पुकारता. तुमचं नाव कोणी पुकारलं तर तुमी तितं हाजिर असता काय?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चंदूने साहेबांच्या टेबलावर पट्टा ठेवला. फाटकाबाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण शीळ घालतोय.

सयाजीने बोलणं टाकलं. घरात जे काही असेल ते बायकोमार्फत, साळूबाईमार्फत. "तुज्या पोराला सांग, म्हशीला पाणी दाव." चंदू तीन हातांवर उभा असे. साळूबाई बिचारी मान वळवून तेच वाक्य त्याला ऐकवी, मग त्याचा "बरं" परत नवऱ्याकडे पोचवी. एस.टी.त सयाजी आता शेजाऱ्याशी फक्त पावसापाण्याचं बोलायचा. इकडे चंदूचं नाव माणगावपासून वरंधपर्यंत झालं. लोक मॅचच्या आधी विचारू लागले, बोलायला कोण आहे? महमूदभाईंनी भोंग्यावर त्याचं नाव रंगवून घेतलं. बोलताना चंदू सगळं विसरायचा. माइक खाली ठेवला की मात्र त्याला बापाची भर उन्हातली पाठ आठवायची आणि जेवण गोड लागायचं नाही.

वैशाखात सयाजीची पुढची तारीख आली. दोघे नेहमीप्रमाणे गेले, टपरीवर बसले, एक चहा दोघांत घेतला आणि पुकाऱ्याची वाट बघत बसले. चंदूच्या जागी आलेला शिपाई सभ्य माणूस होता. आवाजही सभ्यच. त्याने व्हरांड्यात येऊन तीन वेळा नावं पुकारली, ती पहिल्या बाकापर्यंत पोचली. इकडे दोघांनी दुसरा चहा मागवला, मग तिसरा. जेवणाची वेळ झाली तरी बशी काही हिंदकळली नाही, तेव्हा सयाजीने उठून आत चौकशी केली. दोन्ही पक्ष गैरहजर, वकीलही दुसऱ्या कोर्टात गुंतलेले, म्हणून दावा सकाळीच काढून टाकला होता. मनाई हुकूमही त्याच्याबरोबर गेला. बावीस वर्षं चाललेली गोष्ट तीन कप चहात संपली.

चंदूला हे आईकडून कळलं. "आलं आनि ओटीवर बसलं," साळूबाई म्हणाली. "जेवलं नाय. वकील म्हनतो, अर्ज केला का दावा परत उभा ऱ्हाईल. तर म्हनं, बगू." चंदू पार खचला. पट्टा टाकून बापाची अब्रू तर घालवलीच होती, आता दावाही घालवला. उभा जन्म आता बाप आपल्याशी बोलत नाही, हे त्याने धरून टाकलं.

पुढच्या रविवारी पोलादपूरला फायनल होती. बोलायचं मन नव्हतं, पण शब्द दिला होता. अशा मॅचेसमध्ये प्रेक्षकांतून बक्षिसांच्या चिठ्ठ्या येतात. षटकार मारणाऱ्याला कोंबडा, झेल घेणाऱ्याला टॉवेल, आणि देणाऱ्याचं नाव भोंग्यातून घ्यावं लागतं, नाहीतर तो पुढच्या वर्षी वर्गणी देत नाही. शेवटच्या षटकाआधी महमूदभाईंनी अशीच एक चिठ्ठी पुढे सरकवली. चंदूने नेहमीच्या धडाक्यात वाचायला घेतली.

"आणि मंडळी, आणखी एक बक्षीस! कॉमेंटरी करणाऱ्यास एक बरका फणस. देणार..."

अक्षर कुशाबाकाकाचं होतं, चौथी शिकलेलं. चंदूने पुढची ओळ मनात वाचली. मग परत वाचली. भोंगा गप्प झाला. गोलंदाज धावता धावता थांबला. महमूदभाईंना वाटलं कुवेतची मशीन गेली, ते वायरी हलवू लागले.

चंदूने मान वर केली. सीमारेषेच्या पलीकडे माणसांच्या मागे एक छत्री दिसत होती. छत्री कुशाबाकाकाने धरली होती आणि खाली सयाजी उभा होता, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेल्याएवढा फणस. तिथून तो पुढे येत नव्हता आणि मागेही जात नव्हता.

चंदूने माइक तोंडाशी नेला. वर्णनाचा एकही शब्द आठवेना. आला तो जुनाच.

"सयाजी धोंडू उतेकर, हाजिर होऽ..."

माणसं वळून बघू लागली. सयाजी हलला नाही.

"सयाजी धोंडू उतेकर..." या वेळी आवाज मध्येच फुटला. पाचशे माणसांच्या देखत चंदूच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्याने पुसलंही नाही.

तिसरा पुकारा त्याला जमेना. त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आणि तेवढ्यात तिकडून, कसल्याही माइकशिवाय, सबंध मैदान ओलांडून आवाज आला. चंदूला तो आवाज कुठून मिळाला होता, ते त्या दिवशी पोलादपूरला कळलं.

"हाजिर हाय रे! किती वराडशील? आयकू येतंय मला!"